थडग्याला जामीन राहिलेल्या तिघी

फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहात दोन प्राचीन खांबांच्या फटीत एक थडगं उभं आहे. जागा इतकी अडचणीची, की शिल्पकारांना ते उंचच उंच चढवावं लागलं, सात मीटरांच्याही वर. वर ब्रॉन्झचा, सोन्याचा मुलामा दिलेला देह. खाली शिंपल्याच्या आकाराच्या कोनाड्यांत संगमरवरी स्त्रिया. विश्वासाच्या हाती प्याला, प्रीतीजवळ पेटतं अग्निपात्र, आशेने हात जोडलेले. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातले हे तीन सद्गुण.

देह आहे बाल्दासारे कोसाचा. एकाच वेळी तिघे पोपपदावर हक्क सांगत होते, त्या काळात हा तेविसावा जॉन म्हणवत होता. 1415 साली कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने आरोपांची लांबलचक यादी वाचून त्याला पायउतार केलं, कैदेत टाकलं. मेदिची घराण्याच्या पैशावर सुटून तो फ्लॉरेन्सला आला आणि 1419 मध्ये तिथेच वारला. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यांत जोव्हान्नी दि बिच्ची दे मेदिची होता. थडगं घडवलं दोनातेल्लो आणि मिकेलोत्सो यांनी. त्यावरच्या लेखात ‘एकेकाळचा पोप’ असं कोरलंय. (पोपांच्या आजच्या अधिकृत यादीत त्याला थारा नाही, 1958 साली पोप झालेल्या रोन्कालींनी हेच नाव आणि हाच क्रमांक घेतला.)

सद्गुणांच्या मूर्ती आधीही घडत होत्या. याच इमारतीच्या दक्षिण दारावर आंद्रेआ पिसानोने 1330 च्या दशकात सद्गुणांच्या आठ चौकटी ओतल्या होत्या. कोसाच्या थडग्यावर मात्र तिघीच आहेत. विवेक, न्याय, धैर्य, संयम हे चार सद्गुण ग्रीक-रोमन विचारातून ख्रिस्ती शिकवणीत आलेले. त्यांना इथे जागा नाही. जागेची अडचण हे कारण असेल. तरी मला वाटतं, न्यायाला या माणसाच्या देहाखाली उभं करणं कोणालाही अवघड गेलं असतं. विश्वास, आशा आणि प्रीती यांचं तसं नाही. त्या कृपेने मिळतात, आणि कृपा पाप्यालाही मिळते.

दोनातेल्लोने याच सुमारास, 1427 ते 1429 मध्ये, सिएनाच्या बाप्तिस्मा-कुंडासाठी विश्वास आणि आशा ब्रॉन्झमध्ये केल्या. त्यातली आशा पाहावी: पंख आहेत, पण उडायची घाई नाही, मान वर, हात जोडलेले, सारा भार पायांवर.

पुढच्या शतकात गुल्येल्मो देल्ला पोर्ताने रोमच्या सेंट पीटर्समध्ये पोप तिसऱ्या पॉलचं थडगं केलं. इथे न्याय आहे, तीही तरुण आणि विवस्त्र. परंपरा सांगते, चेहरा पोपच्या बहिणीचा, ज्युलिया फार्नेसेचा. शतक संपण्याआधी तिच्या अंगावर धातूचं वस्त्र चढलं. शेजारी आरसा घेतलेली म्हातारी विवेक बसली आहे. मूळच्या चौघींपैकी समृद्धी आणि शांती सतराव्या शतकात थडगं हलवताना वेगळ्या झाल्या. त्या फार्नेसे राजवाड्यात आहेत.