दारोदारची विक्री कीं दारोदारची वेठ?

अमेरिकेंतील एखाद्या गांवीं भर दुपारीं दार वाजतें. दारांत अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, हातांत मासिकांची यादी आणि तोंडीं पाठ केलेलें भाषण. घरधनी वर्गणी देतो, नाहीं तर दार लावून घेतो. पण या मुलाच्या पाठीमागें कोण उभा आहे, हा प्रश्न त्यास पडत नाहीं. तो पडावयास पाहिजे.

‘देशभर हिंडा, पैसा मिळवा’ अशा जाहिरातीस भुलून गरिबांचीं मुलें फिरत्या विक्रीपथकांत शिरतात. मोटारींतून गांवोगांव हिंडावयाचें, एकेका खोलींत दाटीनें निजावयाचें आणि सकाळपासून रात्रीपर्यंत दारें ठोठावावयाचीं. रोज हातीं येतात ते जेवणापुरते पैसे. बाकीचें सारें म्होरक्याच्या वहींत! दलाली जमेस धरली जाते, पण खोलीचें भाडें व हातखर्च नांवें पडून बाकी फिटतच नाहीं. १९८७ सालीं अमेरिकन सेनेटच्या चौकशींत एका कंपनीच्या वह्या तपासल्या, तों ४१८ विक्रेत्यांपैकीं ४१३ कंपनीचेच देणेकरी निघाले. विक्री कमी झाली कीं शिवीगाळ, प्रसंगीं मार. आणि नकोसा झालेला मुलगा घरापासून शेंकडों मैलांवर सोडून दिला जातो.

कायदा काय करीत होता? १९३८ च्या तेथील किमान वेतनाच्या कायद्यांतून बाहेर हिंडणारा विक्रेता वगळलेला आहे. शिवाय ‘हे आमचे नोकर नव्हत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत’ असें म्हटलें कीं मालक मोकळा! १९९९ च्या मार्चमध्यें विस्कॉन्सिन राज्यांत अशा एका पथकाची मोटार उलटून सात तरुण जीव गेले. त्यांतील एका मुलीच्या पित्यानें दहा वर्षें चिकाटी धरली, तेव्हां २००९ सालीं त्या राज्यांत अशा पथकांची नोंदणी व कामाच्या अटी लेखी देणें सक्तीचें झालें.

कोणी म्हणतील, तरुणांनीं कष्ट करावे, फिरून व्यापार शिकावा, यांत वाईट तें काय? कांहींच नाहीं. परंतु व्यापार म्हणजे हिशेब. ज्यास स्वतःचें खातें पाहतां येत नाहीं आणि काम सोडून घरीं जातां येत नाहीं, तो व्यापार शिकत नाहीं; तो वेठ करितो.

ही गोष्ट दूरदेशची म्हणून आम्हीं निश्चिंत राहूं नये. ऊसतोडीच्या मजुराची ‘उचल’ आपल्यास ठाऊक आहे. वही दुसऱ्याच्या हातीं असली म्हणजे ती कशी वाढते, हेंही ठाऊक आहे. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें वेठ निषिद्ध केली; १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी व तिचें कर्ज रद्द केलें; आणि किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणें हीही वेठच, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं सांगितलें. कायदा आहे, उणीव आहे ती विचारणाऱ्याची.

म्हणून आमच्या व्यापारी बंधूंस विनंति कीं, ठेकेदारामार्फत माल दारोदार पाठवितांना विकणाऱ्या पोराचा हिशेब कोण ठेवतो, हें पाहावें. आणि गृहस्थांनीं दारीं आलेल्या मुलास पाणी द्यावें, व एवढेंच विचारावें: ‘बाळ, तुझा पगार तुझ्या हातीं पडतो ना?’