अंदमानच्या सहलीत न धरलेले दोन दिवस

डिसेंबर 2016च्या पहिल्या आठवड्यात अंदमानातील हॅवलॉक आणि नील या दोन बेटांवर पर्यटक अडकून पडले आणि ती बातमी देशभर गाजली. आरंभी 800 माणसे अडकल्याचा अंदाज होता. पुढे तो आकडा 1,400च्या घरात गेला. नौदलाने 7 डिसेंबर रोजी बित्रा, बंगाराम, कुंभीर आणि एलसीयू 38 अशी चार जहाजे धाडली. परंतु समुद्र इतका खवळलेला होता की त्यांनाही बंदरात शिरता येईना. 9 तारखेस वारा ओसरल्यावर सुटकेचे काम मार्गी लागले. दरम्यान कमी दाबाच्या त्या पट्ट्याचे चक्रीवादळ झाले, त्याला ‘वरदा’ असे नाव मिळाले आणि 12 तारखेस ते चेन्नईवर आदळले. अंदमानच्या पर्यटकांना भोवली ती या वादळाची केवळ बाल्यावस्था होती!

हॅवलॉक (2018च्या अखेरीपासून स्वराज द्वीप) पोर्ट ब्लेअरपासून जेमतेम 40 किलोमीटर आहे. पाठीवर सॅक टाकून निघालेल्या तरुणाला हे अंतर म्हणजे अंतरच वाटत नाही. राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहावा, एखाद्या झोपडीवजा खोलीत दोन रात्री काढाव्यात आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने परतून दुपारचे विमान गाठावे, असा त्याचा हिशेब असतो. सरकारी प्रवाससवलतीत सहकुटुंब येणाऱ्या कारकुनाचा हिशेबही फारसा निराळा नसतो. त्यात बोट सुटणारच नाही, या शक्यतेला जागा नसते. त्या वर्षी तर नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता. खिशात रोकड तुटपुंजी होती. बेटांचा बाहेरच्या जगाशी दूरध्वनीसंपर्क तेव्हा उपग्रहावर अवलंबून होता. चेन्नईहून समुद्रतळाची तार पोहोचायला 2020चा ऑगस्ट उजाडला.

दिवाळी झाली की पाऊस संपला, ही सह्याद्रीच्या आसऱ्याने राहणाऱ्यांची समजूत. अंदमानात ती लागू पडत नाही. तेथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे महिन्यातच उतरतो आणि तो सरल्यावर ईशान्येचा पाऊस डिसेंबरपर्यंत येत-जात राहतो. बंगालच्या उपसागरातील वादळांचा मुख्य हंगामही ऑक्टोबर ते डिसेंबर हाच, आणि त्यांपैकी कित्येकांची सुरुवात अंदमानच्याच आसपास होते. पर्यटनाचा हंगाम भरात येऊ लागतो तोही नेमका याच सुमारास. जाहिरातीत निळे पाणी दिसते. पंचांगाची ही बाजू दिसत नाही.

बोटी बंद ठेवल्या म्हणून अशा वेळी प्रशासनावर राग निघतो. तो समजण्यासारखा आहे, पण न्याय्य नाही. 26 जानेवारी 2014 रोजी पोर्ट ब्लेअरजवळच पर्यटकांची एक बोट उलटून वीसहून अधिक माणसे बुडाली होती. तिच्यात क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरली होती. ज्याच्या सहीने बोट सुटते, त्या बंदर-अधिकाऱ्याने ही घटना विसरावी, अशी अपेक्षा कोण करील? विमान चुकलेल्या माणसाला नवे तिकीट काढता येते. तथापि बोटी का थांबल्या आणि पुन्हा पाहणी केव्हा होणार, हे धक्क्यावर ताटकळणाऱ्यांना वेळच्या वेळी सांगण्याचे कर्तव्य टळत नाही. माहिती मिळाली की माणूस निम्मा शांत होतो.

या साऱ्या प्रकरणात बेटावरचा रहिवासी मात्र कोणाच्या फारसा ध्यानी आला नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना पन्नासच्या दशकात येथे जमिनी देऊन वसविण्यात आले. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर ही त्यांचीच गावे. 2011च्या जनगणनेत हॅवलॉकची लोकसंख्या सहा हजारांच्या थोडी वर होती. म्हणजे अडकलेले पाहुणे हा त्या बेटावर काही किरकोळ भार नव्हता. बोट बंद पडते तेव्हा यांचा तांदूळ थांबतो, पोर्ट ब्लेअरच्या मोठ्या रुग्णालयात न्यावयाचा रुग्ण थांबतो, परीक्षेस निघालेला मुलगा थांबतो. पाहुण्याला चार दिवसांनी जो अनुभव सांगण्यासारखा वाटतो, तो यांच्या वर्षाच्या गणितात आधीच धरलेला असतो. किंबहुना बेटावर राहणे म्हणजे हे गणित मांडता येणे.

पाहुण्याने तेवढे शिकण्यास हरकत नसावी. अडचण अशी की आपल्या कचेऱ्यांतील आणि शाळांतील रजा मोजून-मापून मिळते, तिकिटे महिनोन्महिने आधी काढावी लागतात, आणि हाती आलेला प्रत्येक दिवस एखाद्या स्थळाने भरून टाकल्याखेरीज पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत. मोकळा ठेवलेला दिवस हा वाया गेलेला दिवस, असे समजण्याची सवय हाडीमासी खिळली आहे. अंदमानला जाणाऱ्याने निदान क्रम तरी उलटा लावावा. दूरची बेटे आरंभी उरकावीत आणि परतीच्या विमानापूर्वीचे दोन दिवस पोर्ट ब्लेअरसाठी ठेवावेत. त्या गावाचे नाव 2024पासून श्री विजयपुरम झाले आहे; सेल्युलर जेल आहे तेथेच आहे, आणि सावरकरांची कोठडी पाहण्यासाठी समुद्र शांत असावा लागत नाही.