धिप्पाड स्वाराची सायकल

सहा फुटांहून उंच आणि शंभर किलोंहून अधिक वजनाचा माणूस सायकलीवर बसला, की पाहणाऱ्याला त्याच्यापेक्षा सायकलीचीच काळजी अधिक वाटते. ही काळजी अगदीच अनाठायी नसली, तरी तिचे कारण बहुधा चुकीचे सांगितले जाते. चांगली चौकट नुसत्या भाराखाली एकाएकी मोडत नाही. एकाच जागी लक्षावधी वेळा पडणाऱ्या ताणाने ती हळूहळू चिरत जाते. डोंगराच्या उतारावर ती चीर अखेरीस दुभंगली, तर प्रश्न सायकलीचा राहत नाही, प्राणांचा होतो.

डोंगरी सायकलीचा जन्मच या अनुभवातून झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मॅरिन परगण्यात १९७६ साली काही तरुणांनी कच्च्या डोंगरी रस्त्यावरून वेगाने उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. त्यांच्या सायकली १९३०-४० च्या सुमाराच्या, जाड टायरांच्या होत्या. दिसायला त्या दणकट. परंतु या माऱ्यापुढे त्यांच्या चौकटी टिकेनात. १९७७ साली जो ब्रीझ या कारागिराने खास डोंगरासाठी पोलादी चौकट बांधली आणि हँडलाच्या नळीपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत दोन जादा नळ्या जोडल्या. पुढे हा उद्योग वाढला, तेव्हा लक्ष नळ्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या आकाराकडे वळले.

धातूही थकतो, हे एकोणिसाव्या शतकात ऑगुस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने आगगाड्यांच्या आसांवर प्रयोग करून दाखविले होते. एका दमात मोडू न शकणारी तार आपण मागेपुढे वाकवून तोडतो, तोच हा प्रकार. प्रत्येक पायडल दाबताना चौकट किंचित पिळली जाते, प्रत्येक खड्ड्यात किंचित वाकते. स्वार जड असेल तर ही प्रत्येक हालचाल थोडी मोठी होते. आणि ताण थोडा वाढला, तरी धातूचे आयुष्य पुष्कळच घटते.

उंचीचा प्रश्न मात्र वजनाहून निराळा आहे. उंच माणूस लहान चौकट घेतो आणि पायांना जागा व्हावी म्हणून बैठकीचा दांडा वर ओढतो. हा दांडा तरफेसारखा काम करतो. तो २० सेंटिमीटरऐवजी ३५ सेंटिमीटर बाहेर आला, तर त्याच भाराने खालच्या नळीच्या तोंडाशी पडणारा वाकविणारा जोर पावणेदोन पट होतो. म्हणून उंच स्वाराने प्रथम आपल्या मापाची चौकट घ्यावी, आणि दांड्यावर कोरलेली खूण नळीच्या बाहेर कधीही येऊ देऊ नये.

चौकटीचे बळ धातूच्या जाडीत असते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः नळीची जाडी तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते, पण वाकण्याला होणारा विरोध सुमारे आठपट वाढतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे, आणि ताठपणाही तितकाच कमी. म्हणूनच त्याच्या नळ्या इतक्या रुंद करतात. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. ठराविक मर्यादेखालचा ताण पोलाद जवळजवळ अमर्याद वेळा सोसते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, त्याचा प्रत्येक हेलकावा जमेस धरला जातो. त्यामुळे जाणते कारखानदार मुळातच ताण कमी राहील अशा बेताने नळ्यांचा व्यास आणि जाडी ठरवितात. कार्बनतंतूंची चौकट हलकी आणि ताठ असते. मात्र दगडाच्या आघाताने आत झालेली इजा बाहेरून दिसेलच असे नाही.

आंतरराष्ट्रीय मानक ४२१० नुसार डोंगरी सायकलीच्या चौकटीवर १२०० न्यूटनचा, म्हणजे सुमारे १२२ किलो वजनाइतका, पायडलचा दाब एक लाख वेळा देऊन पाहतात. ही चाचणी उतरलेली चौकट कोणत्याही स्वाराला आजन्म पुरेल, असा तिचा अर्थ नव्हे. त्यासाठी कारखानदाराने सांगितलेली भारमर्यादा वाचावी. तीत बहुधा स्वार, सामान आणि सायकल या तिहींचे वजन धरलेले असते.

याउपर उरते ते नित्याचे लक्ष. सायकल धुतली की हँडलाच्या नळीखालचा जोड, बैठकीच्या नळीचे तोंड आणि पायडलांच्या आसाभोवतालचे जोड उजेडात निरखावेत. रंगावरची केसासारखी रेघ, गंजाचा बारीक ओघळ, किंवा काल नसलेली करकर ही धोक्याची सूचना समजावी. चीर दिसली तर स्वारी तेथेच थांबवावी. ॲल्युमिनियमवर गल्लीतल्या वेल्डिंगने केलेली डागडुजी फसवी ठरते, कारण त्या उष्णतेने जोडालगतचा धातू मऊ पडतो.

धिप्पाड माणसाने सायकल सोडून द्यावी, असे यात काहीच नाही. मापाची चौकट, रुंद नळ्या, निर्दोष जोड आणि जागरूक नजर एवढे असले, की डोंगर त्यालाही मोकळाच आहे.