खोट्या आभाळाचे खरे ऊन

पडद्यावर नायक वाळवंटात उभा आहे, डाव्या हाताला सूर्य कलला आहे. आणि त्याच्या नाकाची सावलीही डाव्याच गालावर! नेमके काय चुकले हे प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण मन कुरकुरू लागते.

मी मराठीचा अध्यापक. वर्गात नाटक शिकवताना 'खोटे खरे का वाटते?' हा प्रश्न हटकून निघतो. म्हणूनच नव्या स्टुडिओंतल्या या उजेडाच्या खेळाचे मला कुतूहल.

हिरव्या पडद्यापुढे नटाला उभे करायचे आणि देखावा मागाहून जोडायचा, ही रीत आजही आहे. तिची खोड अशी, की पडद्याचा हिरवा रंग नटाच्या अंगावर सांडतो. २०१३ च्या 'ग्रॅव्हिटी' चित्रपटात नटीला दिव्यांच्या पेटीत बसवून पृथ्वीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर फिरवला. पुढे २०१९ च्या 'द मँडलोरियन' या मालिकेसाठी कॅलिफोर्नियात २० फूट उंच, ७५ फूट व्यासाची, एलईडी दिव्यांची गोलाकार भिंत उभारली. तीवर वाळवंट उमटले, की नायकाच्या चकचकीत चिलखतातही वाळवंटच उतरे!

मग दिवेवाल्याचे काम संपले का? छे! ते तर वाढले. एवढ्या रुंद भिंतीचा उजेड ढगाळ दिवसासारखा मऊ असतो. दुपारच्या उन्हाची धारदार सावली त्यातून पडत नाही. शिवाय तो लाल, हिरवा आणि निळा या तीनच रंगांच्या मिश्रणाचा. डोळ्याला पांढरा दिसला, तरी मधल्या छटा त्यात तोकड्या पडतात आणि माणसाच्या कातडीचा रंग बिघडतो. म्हणून खरे, प्रखर दिवे वेगळे लावावे लागतात. चित्रातला सूर्य ज्या दिशेला, ज्या उंचीवर आणि ज्या रंगाचा, तसाच दिवाही हवा. त्यातही त्याचा झोत भिंतीवर सांडता कामा नये. नाहीतर चित्रातला काळोख फिकट पडतो. आणि जमिनीवर पसरलेली खरी वाळू चित्रातल्या वाळूला बेमालूम मिळाली पाहिजे, ते निराळेच.

एवढा खटाटोप कशासाठी? वाचकहो, यंदा पणती लावताना घरच्या माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहा. ज्योत न पाहताही ती कोणत्या बाजूला आहे हे तुम्ही सांगाल. ही विद्या कोणी शिकवत नाही; जन्मल्यापासून डोळा ती आपोआप शिकत असतो. म्हणूनच एवढी प्रचंड भिंतसुद्धा एका चुकीच्या सावलीने कोसळते.