गुडघा कोणाच्या हाती द्यावा?

चाटी गल्लीतील पेढ्यांवर वर्षानुवर्षे मांडी घालून बसलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचे गुडघे साठीनंतर कुरकुरू लागतात. मग कोणीतरी ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ म्हणून फिजिओथेरपीची एखादी पाटी सुचवितो. गुण असेलही; पण नोंदणी? व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांच्यासाठी महाराष्ट्राने २००२ च्या अधिनियमान्वये राज्य परिषद स्थापण्याची तरतूद केली. केंद्राच्या २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपिस्टला आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले. त्यासाठी किमान ३,६०० तासांचा पदवी अभ्यासक्रम हवा. डॉक्टरांची चिठ्ठी असली, तरी उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारावाच. आपण जीएसटीचे नोंदणीपत्र दुकानात दर्शनी लावतो; मग येथे संकोच कसला? गुडघा सुजून तापला असेल, तर मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावा.