असईचं पदक

जालन्याहून भोकरदनला निघालं की केदारखेड्याला पूर्णा ओलांडावी लागते. भोकरदनच्या पुढे, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई हे गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांच्या फौजांशी ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, लढला. दोनच दिवस आधी बदनापुरात कंपनीच्या दुसऱ्या फौजेचा सेनानी स्टीव्हन्सन याच्याशी मसलत करून दोघांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या होत्या. स्टीव्हन्सन पोहोचण्याआधीच लढाई जुंपली.

कंपनीच्या बाजूचे 428 जण ठार आणि 1,138 जखमी झाले. सर्वांत भयंकर हानी झाली ती 74व्या हायलँडर पलटणीची. सुमारे पाचशेंपैकी चारशेच्या आसपास माणसं पडली आणि अनेक अधिकारी मारले गेले. ही पलटण 1787 साली खास हिंदुस्थानसाठीच उभारलेली होती. त्या काळात गोऱ्या शिपायाची भरती बहुधा जन्मभराची असे. मुदतीची नोकरी 1806 नंतर आली. रोजचा एक शिलिंग पगार, त्यातूनही कपात. स्कॉटलंडच्या डोंगरातून आलेल्या या पोरांनी त्या दिवशी मराठवाड्याच्या उन्हात कित्येक कोस चालून मग शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमनच्या तोफांसमोर उभं राहायचं होतं. शिंद्यांचे गोलंदाजही तोफा सोडून हटले नाहीत. कित्येक जण तोफांपाशीच मेले, हे इंग्रजांनीही लिहून ठेवलं आहे.

या विजयाबद्दल कंपनीच्या बाजूच्या पलटणींना मानाची निशाणं लगेच मिळाली. शिपायाच्या छातीवर मात्र काहीच आलं नाही. वॉटर्लूचं पदक 1816 मध्ये निघालं, पण असईच्या शिपायाला 1851 पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाला मंजुरी मिळाली. चांदीचं पदक, एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचा मुखडा, फिकट निळी फीत आणि लढाईच्या नावाची पट्टी. अट एकच, पण निर्दय: अर्ज करणारा जिवंत हवा. 1803 मध्ये विशीत असलेला शिपाई आता सत्तरीला टेकला होता. मेलेल्याच्या बायकोपोरांना ते मिळत नव्हतं. गोऱ्यांबरोबर हिंदी शिपायांनाही ते खुलं होतं, पण मद्रासी पलटणींतले किती जण अठ्ठेचाळीस वर्षांनंतर उरले असणार?

मला हा उशीर अन्यायच वाटतो. स्वतः वेलिंग्टन मात्र तोवर हयात होता. आयुष्यातली सर्वोत्तम लढाई कोणती, असं विचारल्यावर त्याने असईचं नाव घेतलं होतं.

या पदकाच्या 21 पट्ट्यांपैकी दहांवर महाराष्ट्रातली नावं आहेत: असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव, आणि दोन जोडनावं. आपल्या इतक्या रणभूमी परक्या पदकावर कोरल्या गेल्या, पण त्या लढायांत दुसऱ्या बाजूने लढलेल्या आपल्या माणसांच्या नावांची नीट यादी माझ्या तरी पाहण्यात नाही.