मज्जेपर्यंत पोहोचणारे निरोप

एका पेशीचा निरोप दुसरीपर्यंत नेणाऱ्या लहान प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. शरीरात जंतू शिरला की तिथल्या भक्षक पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ सोडतात. रक्तवाहिन्या सैलावतात, जागा लाल होते, सुजते; मेंदूपर्यंत निरोप गेला की ताप चढतो. काम झाल्यावर हा दाह आवरणारी प्रथिनेही असतात, त्यांत इंटरल्युकिन-१० महत्त्वाचे.

अस्थिमज्जाही अशाच निरोपांवर चालते. मूत्रपिंडातून येणारे एरिथ्रोपोएटिन तांबड्या पेशी वाढवते, यकृतातले थ्रॉम्बोपोएटिन प्लेटलेट वाढवते. संसर्गात जी-सीएसएफ वाढते आणि मज्जा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी भराभर बाहेर पाठवते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘काउंट वाढले’ दिसते ते यामुळेच. क्षय किंवा संधिवातात दाह महिनोन्महिने रेंगाळला, तर इंटरल्युकिन-६ यकृताला हेपसिडिन बनवायला लावते. हेपसिडिन साठ्यातले लोह बाहेर पडू देत नाही. लोह असूनही हिमोग्लोबिन उतरते. अशा रुग्णाला नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहून भागत नाही, मूळ दुखणे शोधावेच लागते.

या प्रथिनांचे मोल सर्वांत जास्त कळते ते मज्जा प्रत्यारोपणात. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या ‘एमवाय’मध्ये, २०१८ मध्ये ही सोय सुरू झाली. सरकारी रुग्णालयात ती होणे ही फार मोठी गोष्ट, कारण खासगीतला खर्च बहुतेक घरांना झेपत नाही. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या गंभीर प्रकारात मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते; त्यातून सुटण्यासाठी प्रत्यारोपण करतात. प्रत्यारोपणाआधी केमोथेरपीने जुनी मज्जा रिकामी करतात आणि जुळणाऱ्या भावंडाच्या मूळ पेशी शिरेतून सोडतात. हाडांपर्यंतची वाट दाखवणारे प्रथिनही याच गोतातले. पेशी रुजायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर असतात, साधा संसर्गही जिवावर बेततो, आणि आईबापांचे डोळे रोजच्या काउंटकडे लागलेले असतात. जी-सीएसएफचे इंजेक्शन इथे अनेकदा वापरतात. न्यूट्रोफिल दर मायक्रोलिटरमागे ५०० च्या वर सलग तीन दिवस राहिले, की मज्जा रुजली असे मानतात.

त्यानंतरही धोका उरतो. दात्याच्या टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, मुलाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर उलटू शकतात. टी पेशींना चेतवणारे इंटरल्युकिन-२ तयारच होऊ नये म्हणून सायक्लोस्पोरिन देतात. मात्रा जपावी लागते, कारण जंतूंशी लढायलाही त्याच पेशी हव्या असतात. सगळे सुरळीत असेल, तर काही महिन्यांनंतर हे औषध हळूहळू कमी करत बंद करतात.